मागच्या बाकावर पाण्याचा ड्रम

रविवार, ६ सप्टेंबर १९९८. जालना

आज काय झालं ते क्रमाने.

१. जेवणं झाल्यावर दादांनी सांगितलं की दसऱ्यानंतर सगळ्यांनी जीपने राजस्थानात जायचं. उद्यापासून पितृपक्ष, म्हणून ठरवायचं ते आजच.
२. कारण: आपल्या रानात बियाण्यासाठी घेतलेली बाजरी तिकडे वाळवंटात पेरतात. ती उभी असताना पाहायची.
३. आखणी माझ्याकडे आली. अट एकच, प्रवास स्वस्तात व्हावा.
४. मी प्रत्येकाला विचारलं. दादा हो, आई हो, भुजंग हो. पुष्पावहिनी हो, छकुली तिच्या मांडीवर.
५. आत्याला विचारलं, "आत्या, तू येणार का? एवढ्या लांब बसून तुझे गुडघे दुखतील ना?" आत्या म्हणाली, "नको बाई. मी काय करू वाळू बघून? घराला कुणी पाहिजे."
६. मी आत्याच्या नावापुढे 'नाही' लिहिलं.
७. सगळे झोपायला गेले. आत्या थोडा वेळ तिथेच बसून होती.

वही नवी आहे, तेव्हा कोण कोण ते एकदा लिहून ठेवते. दादा म्हणजे माझे वडील, भुजंग माझा भाऊ, पुष्पावहिनी त्याची बायको, छकुली त्यांची मुलगी. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, चांगुणाबाई. मी दोन वर्षांची असताना तिचा नवरा वारला आणि ती केदारखेड्याहून आमच्याकडे आली, ती कायमची. मी एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासते. आमच्या रानात त्याच कंपनीसाठी बाजरीचं बियाणं होतं. त्यात नराच्या आणि मादीच्या ओळी वेगळ्या असतात, आणि फुलोऱ्याआधी दुसऱ्या जातीचं दिसेल ते झाड उपटून टाकावं लागतं. याला भेसळ काढणं म्हणतात. आमच्याकडे हे काम पहिल्यापासून आत्या करते.

हे बियाणं जातं कुठं, असं तिनेच एकदा कंपनीच्या साहेबांना विचारलं होतं. वाळवंटात, असं ते म्हणाले. तेव्हापासून हा विषय घरात निघत आला आहे. सहलीची कल्पना मुळात कोणाची, याला आता महत्त्व नाही. आखणी नीट झाली पाहिजे.

मंगळवार, ८ सप्टेंबर

जीप अंबडच्या कमरोद्दीनची ठरली. तो आधी ट्रकवर होता, बियाण्याच्या गोण्या घेऊन गुजरात आणि बाडमेरपर्यंत गेला आहे. दादांचा जुना स्नेही. पितृपक्षात ठरवाठरवी नको म्हणून आईची कुरकुर चालली होती. दादा म्हणाले, ठरलं परवाच, आज नुसता चहा.

खर्च कमी ठेवण्याचा मार्ग मला एकच दिसतो: हॉटेल नाही. स्टोव्ह, पीठ, डाळ, अंथरूण सगळं घरून न्यायचं, धर्मशाळेत उतरायचं. कमरोद्दीनने मान हलवली. "खाण्याची फिकर नको ताई. डिझेल बी भेटतं. पर पाण्याचं जरा बघा. तिकडं पाण्यासाठी कधी कधी कोसभर जावं लागतं. मी गेल्तो तेव्हा तर विहिरी कोरड्या पडल्या व्हत्या."

म्हणून पाण्याचा मोठा ड्रम. मागे समोरासमोर दोन बाक आहेत. एकावर अंथरूण आणि स्टोव्ह, दुसऱ्यावर ड्रम आणि पिठाचा डबा. माणसं पुढे आणि मधल्या सीटवर. बसतं.

आत्या चहा घेऊन आली. "कमरोद्दीन, तिकडं बाया बी असत्यात का रे काढणीला?"

"असत्यात की आत्याबाई. ही लांब घुंघट घेऊन."

"मंग कणसं दिसत्यात कशी त्यांला?"

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

सोमवार, १४ सप्टेंबर

प्रयोगशाळेत चूक झाली. फरजाना नवीन आहे. तिसऱ्या दिवशीच्या मोजणीत जे दाणे उगवलेले नव्हते, ते तिने वेचून फेकून दिले.

"मॅडम, मेलेलेच होते ते. हात लावला तरी कळत होतं."

मी तिला सांगितलं की पहिल्या मोजणीत दाणा मेला असं आपण ठरवत नाही. काही उशिरा उगवतात. शेवटच्या मोजणीपर्यंत त्यांना ओल द्यायची आणि थांबायचं. पूर्ण चाचणी परत लावायला सांगितली. ती रडवेली झाली. मी आवाज चढवला नव्हता. नियम इतका साधा आहे. लोक घाई का करतात ते मला कळत नाही.

संध्याकाळी आत्याने विचारलं, "उजे, वाळूत चप्पल चालती का गं?"

"नाही. बंद बूट पाहिजेत. सगळ्यांना सांगितलंय."

"आन् ज्येला बूट न्हाईत त्येनं?"

"त्याने घ्यावेत."

"हं," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

रविवार, २० सप्टेंबर

सामानाची जागा नक्की केली. भुजंग मध्येच म्हणाला, "ड्रम टपावर टाकू की. आत्याला बसायला व्हईल."

मी त्याला समजावून सांगितलं. भरलेला ड्रम टपावर ठेवला तर गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर धोका असतो. शिवाय आत्याने स्वतः नको म्हटलं आहे.

"म्हणली खरं," भुजंग म्हणाला. "तू म्हणतीस तर तसं."

आत्या उंबऱ्यात बसून सुपात बाजरी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "ड्रमच पाहिजे बाबा. पाण्याबिगर कसं जाताल?"

म्हणजे आत्याचं मतही माझ्यासारखंच आहे. हे लिहून ठेवते, कारण भुजंग नंतर विषय काढेल.

सोमवार, २१ सप्टेंबर

घट बसले. घटाच्या मातीत दरवर्षी गहू पेरतात, यंदा आत्याने बाजरी पेरली. आईने विचारलं तर म्हणाली, "ह्या येळेला बाजरीचं काम हाय."

बुधवार, ३० सप्टेंबर

रजा मंजूर. नवा माल दिवाळीनंतर यायला लागतो, तोवर लॅबमध्ये जमेल.

आत्या आज एकटी दवाखान्यात जाऊन गुडघ्यात इंजेक्शन घेऊन आली. दोन वर्षं मी सांगत होते तेव्हा गेली नाही. आता का, विचारलं तर म्हणाली, पायऱ्या चढायला. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत.

शिदोरीचं तिनेच अंगावर घेतलं आहे. दशम्या दुधात मळते, म्हणजे टिकतील. शेंगदाण्याची चटणी, लसणाची वेगळी. आई मदतीला गेली तर तिला उठवलं. "तू तुझं बघ. वाटंतलं माझं मी बघते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याचा नकाशा गुंडाळत होते.

शुक्रवार, २ ऑक्टोबर. नवापूर

निघालो. ठरल्यापेक्षा थोडा उशीर झाला, कन्नडच्या घाटात ट्रक बंद पडले होते. बाकी सगळं आखल्याप्रमाणे.

निघतानाचं लिहिते. कमरोद्दीन गाडी घेऊन आला तेव्हा आत्याची अंघोळ झालेली होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं. काल दसऱ्याला नेसली नव्हती, आज कसं, असं मनात आलं. निरोप द्यायचा म्हणून असेल. घटातली बाजरी उगवून आली होती, तिचे तुरे तिने सगळ्यांच्या कानामागे खोचले. एक स्वतःच्याही.

शिदोरीची पिशवी घेऊन ती जीपच्या मागे उभी राहिली.

कमरोद्दीन म्हणाला, "चला आत्याबाई, बसा. जागा करतो मी."

"माझं कुठं बाबा."

असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रमची दोरी आवळत होते. गाठ सैल होती आणि तेच बघणं जरुरीचं होतं. मी म्हणाले, "आत्या, रात्री कडी नीट लाव. गॅस बंद केलास का ते दोनदा बघ."

"बघते," ती म्हणाली. पिशवी ड्रमला टेकवून ठेवली, लुगड्याचा पदर नीट केला. "आल्यावर सांगा कशी हाय ते."

गाडी वळेपर्यंत ती पायरीवर होती. आई दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाडी लागत असावी.

शनिवार, ३ ऑक्टोबर. अहमदाबादच्या पुढे

दुपारी झाडाखाली शिदोरी सोडली. पुष्पावहिनीने पिशवीत हात घातला तर दशम्यांच्या खालून आत्याची मशेरीची डबी निघाली, आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली. दोन्ही फडक्यात गुंडाळलेली.

"अगंबाई," वहिनी म्हणाली, "ह्या कशा आल्या?"

"चुकून आल्या असतील," मी म्हणाले.

आत्या मशेरी लावल्याशिवाय सकाळी चहासुद्धा घेत नाही. चाळीस कामं असली तरी डबी कंबरेला असते. कमरोद्दीनने दशमीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. दादा उठून जीपपाशी जाऊन उभे राहिले. चाक बघत होते. चाकाला काही झालेलं नव्हतं.

छकुली म्हणाली, "आत्याजी मागून येनार का?"

"न्हाई," आई म्हणाली. "जेव."

मी डबी माझ्या पर्समध्ये ठेवली आहे. चुकून आलेली वस्तू सांभाळून परत द्यायची, एवढंच. पण चुकून कशी येईल? फडक्याला गाठ मारलेली होती.

सोमवार, ५ ऑक्टोबर. बाडमेरच्या अलीकडे

बाजरी पाहिली.

रस्त्यावरून वाळू दिसत होती, मधूनमधून काटेरी झुडपं. एका वळणानंतर एकदम शेत. बाजरीच्या खालीही वाळूच, पिवळी, बारीक. आपल्याकडच्या माणसाला त्यात काही उगवेल यावर विश्वास बसणार नाही. दादा जीप थांबायच्या आधीच उतरले. शेतवाल्याला कमरोद्दीनने हिंदीत सगळं समजावून सांगितलं. तो म्हातारा, पांढरा फेटा. तो हसला आणि दादांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेला.

दादा ओळीतून चालत राहिले. कणसं हाताने खालून वर चाचपत होते. मग थांबले. "उजू, इकडं बघ. सगळी एका उंचीची. एक झाड वेगळं न्हाई."

मी बघितलं. खरंच होतं. काम चोख झालं असेल तर असंच दिसतं.

"तिचं हाय हे," दादा म्हणाले. "ती वाकून वाकून एकेक ओळ बघायची. मी म्हणायचो, चांगुणे, एखादं राहिलं तर राहू दे. तर म्हणायची, तिकडं वाळूतल्या माणसाला काय वाटंल." पदर नसतो म्हणून पुरुषांनी टोपीने डोळे पुसायचे. दादांनी तसं केलं.

शेताच्या कडेला तिथल्या बायका कणसं खुडत होत्या. घुंघट घेतात, पण कापणीच्या वेळी तो थोडा वर उचलतात. एका हाताने घुंघट, दुसऱ्या हाताने विळा असं नाही, घुंघटाची कड दातात धरतात. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. मी ते मोठ्याने म्हणाले, आणि मग लक्षात आलं की ऐकायला ती नाही.

आई बांधावर बसली होती. मी शेजारी बसले. मीच विचारलं, "तिला यायचं होतं का?"

"तुला आता कळून राह्यलं?"

"मी विचारलं होतं, आई. सगळ्यांच्या समोर. ती नको म्हणाली."

"एकदा विचारलंस."

"किती वेळा विचारायला पाहिजे होतं?"

आई माझ्याकडे वळली. "पाहुण्याच्या ताटात भाकर वाढतो आपण. तो म्हणतो नको. मंग तू ताट उचलून नेतीस का? आन् तू तर विचारतानाच गुडघे पुढं केलेस. ती बिचारी काय म्हणंल मंग, न्हाई माझे गुडघे चांगले हाईत, मला न्या?"

"मग तू का नाही आग्रह केलास? दादांनी का नाही?"

"मी भावजय. मी लई म्हणलं तर तिला वाटलं असतं उपकार करून राह्यले. तुझ्या बापाला वाटलं, सगळं तू ठरवलंस, तुझ्या मनात काहीतरी असंल. आन् तिला तुझ्याच तोंडून पाहिजे होतं. तुला तिनं अंगावर खेळवलं." आईने बांधावरची एक काडी मोडली. "मी रोज म्हणायची, आज विचारल, उद्या विचारल. जीपपाशी उभी राह्यली तेव्हा मला वाटलं, आता म्हणती. तू गॅस म्हणलीस."

'नको' याचा अर्थ 'नको' असा धरणं चूक कसं, हा माझा मुद्दा अजूनही मला बरोबर वाटतो. पण मी आमच्याच घरात वाढले आहे. माझ्याही ताटात आत्याने तिसऱ्यांदा वाढलेली भाकरी मी खाल्ली आहे. दोनदा नको म्हणून.

शेतवाल्याकडून एक कणीस मागून घेतलं.

पाण्याचं लिहायचं राहिलं. यंदा तिकडे पाऊस बरा झाला होता. रस्त्यात गावोगावी माठ भरून ठेवलेले असतात, येणाऱ्याजाणाऱ्याला पाजतात. ड्रमचं झाकण आम्ही फक्त हात धुवायला उघडलं. कमरोद्दीन हसत म्हणाला, "चला, ड्रमला बी राजस्थान दाखवलं आपण." मग घाईने झाकण लावून गाडी सुरू केली.

शनिवार, १० ऑक्टोबर. जालना

घराला कुलूप.

मला आठवतं तेव्हापासून आमच्या घराला कुलूप लागलेलं नाही. घरात कोणी ना कोणी असायचं, म्हणजे आत्या असायची. किल्ली शेजारी गौहरभाभींकडे होती.

"सुबह-सुबह आल्त्या," भाभी म्हणाल्या. "बोल्या, गौहर, चावी ठेव. मी बोली, अभी तो पाच-छे दिन हैं उनको आने को, कहां जाते? तर बोल्या, मला बी एक घर हाय की केदारखेड्याला." भाभींनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुमच्यात काही झालं का?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. काही झालेलंच नव्हतं.

आत सगळं आवरलेलं. घटाची माती तुळशीत घातलेली. गॅस बंद, मी सांगितलं होतं तसा. तिचं जुनं लुगडं दोरीवर नव्हतं. मोरीजवळच्या कोनाड्यात मशेरीच्या डबीची रात्रीची जागा रिकामी, तिथे एक गोल डाग.

केदारखेड्याला तिच्या दिराचं घर आहे. दीर वारला, त्याचा मुलगा भिवा तिथे राहतो. बावीस वर्षांत ती तिथे लग्नाकार्यालाच गेली आहे, तीही संध्याकाळी परत यायच्या बोलीवर.

रविवार, ११ ऑक्टोबर

दादा सकाळच्या एसटीने केदारखेड्याला गेले, दुपारी परत आले. एकटे.

"काय म्हणाली?"

"बरी हाय म्हणली."

"चल म्हणालात का?"

"म्हणलो."

"किती वेळा?"

दादांनी पायातल्या चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या. "तिनं चहा केला. भिवाची बायको तिथंच बसली व्हती. मी पिलो आन् आलो." मग म्हणाले, "भाऊबीजेला येशील ना, म्हणलो. तर म्हणली, आता तुम्हीच या इकडं."

आई आत निघून गेली.

सोमवार, १२ ऑक्टोबर

लॅबमध्ये फरजानाने परत लावलेल्या चाचणीचा कागद पुढे ठेवला. रजेच्या गडबडीत माझी सही राहिली होती. शेवटच्या मोजणीत उगवलेले दाणे तिने वेगळ्या शाईत लिहिले होते. "उशिराचे बी बरेच निघाले मॅडम," ती म्हणाली. मी सही केली.

आत्याला चिठ्ठी लिहिली. भोकरदनच्या गाडीच्या कंडक्टरकडे उद्या देणार, तो केदारखेड्याच्या फाट्यावर भिवाच्या ओळखीच्या दुकानात टाकतो. आत्याला वाचता येत नाही. भिवा मोठ्याने वाचेल आणि त्याची बायको ऐकेल. म्हणून पहिल्या दोन ओळी लिहून खोडून टाकल्या. उरलं ते इथे उतरवून ठेवते.

आत्यास नमस्कार.

बाजरी पाहिली. दादांच्या डोक्याइतकी उंच आहे, सगळी सारखी. दादांनी शोधूनही वेगळं झाड सापडलं नाही. तिकडच्या बायका घुंघटाची कड दातात धरतात, म्हणून त्यांना कणसं दिसतात.

एक कणीस आणलं आहे. चिठ्ठीबरोबर पाठवलं तर दाणे गळतील, म्हणून ठेवलं आहे. तुझी डबी आणि तेलाची बाटली माझ्याकडे आहे.

पाणी तिकडे मिळतं. ड्रम लागत नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर मी परत जाणार आहे. कमरोद्दीनशी बोलले. मागच्या बाकावर गादी टाकून घेऊ, पाय लांब करता येतील. तू चल. गुडघ्यांचं मी विचारत नाही. तू नको म्हणालीस तर मी रविवारी केदारखेड्याला येऊन पुन्हा विचारणार आहे, आणि तिथेही नको म्हणालीस तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबून पुन्हा.

पुढच्या वर्षीच्या रजांचा तक्ता मला शनिवारी ऑफिसात द्यायचा आहे. भिवाला कंपनीच्या नंबरावर फोन करायला सांग, नंबर खाली दिला आहे. तू येतेस की नाही ते शनिवार, १७ ऑक्टोबरपर्यंत कळव.

उजू